साखरेची फुलं घरून विकायची असतील तर: नोंदणी, रंग, तारा आणि लेबल

"मी केक विकत नाही, नुसती फुलं करून देते. मला कशाला हवं लायसन्स?" गमपेस्टची, म्हणजे साखरेच्या लवचीक पेस्टची, फुलं करणाऱ्यांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो, आणि उत्तरं दोन टोकांची मिळतात. एक म्हणते, काही लागत नाही गं, इतकी वर्षं करतेय. दुसरी घाबरवून सोडते की फॅक्टरीसारखा परवाना काढावा लागेल. दोन्ही चूक. घरातून साखरेची फुलं विकणाऱ्याला परवाना सहसा लागत नाही, पण नोंदणी लागते, आणि ती घरबसल्या होते. नोंदणी हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरा घोळ होतो तो फुलाच्या आत काय आहे, त्यावर कोणता रंग आहे आणि डब्यावर काय लिहिलंय इथे. म्हणून या लेखात अर्जापेक्षा त्या तीन गोष्टींवर जास्त वेळ घालवणार आहे.

हे सगळं भारतातल्या कायद्याबद्दल आहे. राज्यापुरती एखादी गोष्ट आली तर ती महाराष्ट्राची.

आधी ठरवा: फूल खायचं की नुसतं बघायचं?

अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ या कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसाने खाण्यासाठी असलेला कोणताही पदार्थ. अन्न तयार करताना त्यात वापरलेला पदार्थही त्यातच धरला आहे. साखर, डिंक, रंग घालून केलेलं आणि केकवर ठेवण्यासाठी विकलेलं फूल यातून सुटत नाही. "पाहुणे ते काढून बाजूला ठेवतात" हा बचाव टिकणार नाही, कारण वाढदिवसाच्या केकवरचं गुलाबाचं फूल सगळ्यात आधी उचलून तोंडात घालणारं कुणीतरी चार वर्षांचं असतं.

कोल्ड पोर्सिलेनची फुलं, म्हणजे कॉर्नफ्लोअर आणि फेविकॉलसारखा गोंद मळून केलेली, हा वेगळा प्रकार. ती अन्न नाहीत. ती विकायला अन्न नोंदणी लागत नाही, पण मग ती केकला थेट टेकवण्यासाठी म्हणून विकूही नका. फोटोत ती गमपेस्टसारखीच दिसतात, त्यामुळे दोन्ही प्रकार करत असाल तर जाहिरातीत आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत फरक लिहा. दोन्हींची हत्यारंही वेगळी ठेवा. बॉल टूल, पाकळ्यांवर शिरा उमटवायचे व्हेनर, सिलिकॉनचे साचे: गोंदाला किंवा पॉलिमर क्लेला लागलेली वस्तू परत साखरेला लावायची नाही. रेझिन क्राफ्टसाठी विकले जाणारे साचे स्वस्त मिळतात, पण ते फूड ग्रेड असतीलच असं नाही.

मधला प्रकार सर्वांत जास्त विकला जातो: पाकळ्या साखरेच्या, पण आत तार, देठाला फ्लोरल टेप आणि मध्ये दोऱ्याचे पुंकेसर. हे अन्नच धरा. नोंदणी करा, लेबल लावा आणि न खाण्याजोगा भाग कोणता ते स्पष्ट सांगा. तारांचा मुद्दा पुढे येतोच.

नोंदणी की परवाना

कायद्याचं कलम ३१ म्हणतं की परवान्याशिवाय अन्नव्यवसाय करता येणार नाही. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम छोट्या उत्पादकांना परवान्यातून सूट देतं आणि त्याऐवजी नोंदणी करायला सांगतं. छोटा म्हणजे किती, हे परवाना व नोंदणीच्या २०११ च्या विनियमांनी ठरवलं होतं: वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत आणि दिवसाचं उत्पादन १०० किलोपर्यंत. त्या विनियमांत नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलं होतं. मर्यादा आणि शुल्क सरकार अधूनमधून बदलतं, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा. तुमच्या कामात त्याने फरक पडणार नाही. दिवसाला १०० किलो गमपेस्ट मळणारं घर अजून कुणी पाहिलेलं नसावं.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, विक्रीची एकूण रक्कम. आणि त्याच घरातून केक, कुकीज, चॉकलेटही विकत असाल तर सगळ्यांची बेरीज धरायची. आधीच होम बेकर म्हणून नोंदणी असेल तर फुलांसाठी दुसरी काढू नका. एका जागेला एकच नोंदणी. तीत उत्पादन वाढवून घ्यायचं.

अर्ज कसा भरायचा

केंद्राच्या भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचं, म्हणजे एफएसएसएआयचं, फॉस्कॉस नावाचं पोर्टल आहे. २०२० पासून सगळे अर्ज तिथेच होतात. महाराष्ट्रात त्यामागे काम करणारं खातं म्हणजे अन्न व औषध प्रशासन. पत्त्याचा शेवट सरकारी संकेतस्थळाचा आहे ना, म्हणजे 'जीओव्ही डॉट इन', तेवढं बघून घ्या. शोधयंत्रात वर येणाऱ्या अर्ध्या साइट खासगी एजंटांच्या असतात. रंग आणि बोधचिन्ह सरकारी वाटावं असं, आणि शुल्क कितीतरी पट. एजंट नेमणं बेकायदा नाही, पण या अर्जाला त्याची गरज नाही.

फॉर्म ए भरायचा. फोटो, ओळखपत्र, आणि ओळखपत्रावरचा पत्ता वेगळा असेल तर जागेचा पुरावा. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार जवळ ठेवा. हाऊसिंग सोसायटीशी आधी बोलून घ्या. काही सोसायट्या घरातल्या व्यवसायाला हरकत घेतात आणि ते भांडण नोंदणी झाल्यावर सुरू होण्यापेक्षा आधी मिटलेलं बरं. फुलं करायला ना धूर होतो ना वास येतो, त्यामुळे पटवणं अवघड जात नाही.

व्यवसायाचा प्रकार विचारला की 'उत्पादन' निवडा. घाईत किरकोळ विक्री किंवा डबेवाले-खानावळीचा पर्याय निवडला जातो, आणि मग प्रमाणपत्रावर तुमचं मूळ काम दिसतच नाही. खाद्यपदार्थांच्या वर्गवारीत मिठाई-कन्फेक्शनरीचा पाचवा गट आहे, त्यात ५.४ हा उपगट केकसारख्या पदार्थांवरच्या सजावटींचा. साखरेचं फूल बरोबर तिथे बसतं. हा आकडा लक्षात ठेवा, कारण कोणता रंग आणि कोणतं ॲडिटिव्ह, म्हणजे अन्नात वरून घातलेला पदार्थ, चालतं हे पाहतानाही तोच लागतो.

अर्ज आल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण देऊन नाकारावी किंवा तपासणीची नोटीस काढावी, असं विनियमांत आहे. तपासणी ठरली तर ३० दिवसांची मुदत. या मुदतीत काहीच कळवलं नाही तर धंदा सुरू करण्याची मुभा विनियमच देतात. तरी अर्जाची पावती आणि संदर्भ क्रमांक छापून ठेवा.

हाती येतो तो १४ अंकी क्रमांक. नोंदणीचा असेल तर पहिला अंक २, परवान्याचा असेल तर १. ग्राहकाला कुणी आपला नंबर 'लायसन्स नंबर' म्हणून दाखवत असेल तर खरं काय ते पहिल्या अंकावरून कळतं.

तपासायला कुणी आलंच तर

नोंदणी झालेल्या जागेची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी, असा नियम आहे. ती दरवर्षी होते का, ते सोडा. झाली तर काय पाहतात ते विनियमांच्या चौथ्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात आहे. स्वच्छ, उजेडाची, हवा खेळती असलेली जागा, पिण्यायोग्य पाणी, झाकणाचा कचराडबा, कापलेली नखं, संसर्गजन्य आजार असताना काम न करणं. कुठल्याही नीटनेटक्या स्वयंपाकघरात हे असतंच.

फुलांचं दुखणं वेगळं आहे. पोळी भाजली जाते, केक भाजला जातो. फूल कधीच तापत नाही. पाकळी हाताने लाटली जाते, बोटांनी पातळ केली जाते, आणि मग २४ ते ४८ तास उघड्यावर वाळत पडते. तेवढ्या वेळात जे काही त्यावर बसेल ते तिथेच राहतं. वाळवायच्या रॅकच्या वर पंखा असेल तर आधी पंख्याची पाती पुसा. रॅकला पातळ मलमलीचं किंवा जाळीचं आवरण करा. मुंग्यांसाठी रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी युक्ती चालते, पण पावसाळ्यात त्या पाण्यानेच दमटपणा वाढतो आणि पाकळ्या मान टाकतात. तेव्हा बंद कपाट आणि ओलावा शोषणारा छोटा डिह्युमिडिफायर जास्त कामाचा. घरात मांजर-कुत्रं असेल तर वाळवायची खोली बंद राहिली पाहिजे, यात तडजोड नाही.

पेस्टमध्ये काय आहे: हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण

इथे अनेकांची गाडी अडते. गमपेस्टच्या पाककृतींत साखर आणि पाणी सोडलं तर बांधून धरणारा एक पदार्थ असतो, आणि तो कोणता यावर पुढचं सगळं ठरतं.

भारतात मांसाहारी अन्नाच्या व्याख्येत अंडी येतात, आणि प्राण्यापासून मिळणारा कुठलाही पदार्थही येतो. त्यातून वगळले आहेत ते दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण, लाख यांसारखे मोजके. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, म्हणजे जिलेटिन घातलेलं फूल मांसाहारी. अंड्याचा पांढरा भाग, अल्ब्युमेन पावडर किंवा मेरिंग पावडर घातलेलं फूलही मांसाहारी. त्याला तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण लागतो. पूर्वी तपकिरी गोल होता. २०२० च्या लेबल नियमांनी त्रिकोण आणला, आणि बाजारात अजून जुनी स्टिकरं विकली जातात. ती घेऊ नका.

हिरवा ठिपका हवा असेल तर जिलेटिनऐवजी सीएमसी किंवा टायलोज पावडर (आयएनएस ४६६) किंवा ट्रॅगाकान्थ डिंक (आयएनएस ४१३) वापरा. आयएनएस म्हणजे अशा पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. दोन्ही वनस्पतीजन्य. पाकळ्या चिकटवायचा गोंदही विसरू नका. बरेच जण पेस्ट शाकाहारी करतात आणि पाकळी मात्र अंड्याच्या पांढऱ्याने चिकटवतात. टायलोज पाण्यात विरघळवून केलेला गोंद तितकाच धरतो. लाल रंगातला कार्माइन (आयएनएस १२०) किड्यापासून काढतात. परदेशी जेल कलरच्या बाटलीवर तो असतो, आणि तो आला की हिरवा ठिपका गेला.

एक इशारा: "एगलेस" आणि "शाकाहारी" या दोन गोष्टी सारख्या नाहीत. जिलेटिनचं फूल एगलेस असतं आणि तरीही मांसाहारी असतं. श्रावणात किंवा जैन कुटुंबाच्या समारंभात हा गोंधळ झाला तर तो केवळ नियमभंग राहत नाही.

लिक्विड ग्लुकोजच्या डब्यावरचं बारीक अक्षरही वाचा. काही प्रकारांत सल्फर डायऑक्साइड किंवा सल्फाइट असतं. तयार पदार्थात किलोमागे १० मिलिग्राम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते ॲलर्जीच्या घोषणेत लिहावं लागतं. त्या यादीतले बाकीचे घटक म्हणजे ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन. फुलांच्या बाबतीत अंडं आणि सोया (शॉर्टनिंग, म्हणजे वनस्पती चरबी, किंवा लेसिथिनमधून) हे दोन येण्याची शक्यता जास्त. त्याच ओट्यावर बदामाचं मार्झिपान मळत असाल तर "याच जागी सुकामेवा हाताळला जातो" हेही लिहा.

रंग, आणि विशेषतः चमकी

भारतात अन्नात चालणारे कृत्रिम रंग आठ आहेत: पाँसो ४ आर, कार्मोइसीन, एरिथ्रोसीन, टार्ट्राझीन, सनसेट यलो, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. बाटलीवर आयएनएस क्रमांक, कंपनीचा एफएसएसएआय क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर ती घरात आणूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने आणि पुद्दुचेरीने कॉटन कँडीवर बंदी घातली, मार्चमध्ये कर्नाटकानेही रंगीत कॉटन कँडी बंद केली. कारण रोडामाइन-बी, कापड रंगवायचा गुलाबी रंग. तो स्वस्त असतो, झळझळीत असतो आणि सुट्या पुडीत मिळतो. गुलाबी फुलं करणाऱ्याने सुट्या पुडीपासून लांबच राहावं.

कृत्रिम रंगाची सर्वसाधारण कमाल मर्यादा किलोमागे १०० मिलिग्राम. अर्धा किलो पेस्टमध्ये ५० मिलिग्राम, म्हणजे चिमटीत धरताही येणार नाही इतका थोडा. फिक्या गुलाबाला हे पुरतं. गडद लाल, मरून आणि काळ्या फुलांत मात्र ही रेषा कधी ओलांडली ते कळत नाही. माझं मत असं की काळी आणि रक्तवर्णी फुलं खाण्यायोग्य म्हणून विकूच नयेत. ग्राहकाचा फारच आग्रह असेल तर एखादं फूल करून "शोभेसाठी, खाऊ नये" असं लेबलवर आणि तोंडीही सांगून द्यावं.

आता पेटल डस्ट आणि लस्टर डस्ट, म्हणजे चमकी. फुलाला जिवंतपणा येतो तो या पावडरींनी, आणि सर्वांत मोठा धोकाही यांतच आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२१ मध्ये दोन प्रकरणं प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाच्या केकवरच्या चमकीतल्या तांब्याने मुलांना उलट्या झाल्या. २०१९ मध्ये मिसुरीत एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं सापडलं, आणि माग काढत गेल्यावर केक सजवायच्या पेटल डस्टमध्ये जवळपास २५ टक्के शिसं निघालं. पेटल डस्ट, म्हणजे पाकळ्यांवर ब्रशने फिरवायची तीच पावडर.

'नॉन-टॉक्सिक' लिहिलेली डबी खाण्यासाठी नसते. 'फक्त सजावटीसाठी' लिहिलेलीही नसते. खाण्याजोग्या पावडरीवर 'एडिबल' असा स्पष्ट शब्द आणि घटकांची यादी असते. यादी नसेल तर ती वस्तू अन्न म्हणून विकलेलीच नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. छोट्या डब्यांत भरून पुन्हा विकलेली चमकी घेऊ नका, कारण मूळ लेबल तिच्याबरोबर येत नाही. आणि प्रत्येक डबीचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. डबी संपते, पुरावा राहतो.

तारा

तार असलेलं फूल थेट केकमध्ये खुपसू नये. तारेवरचा कागद ओला होतो, टेपचं मेण सुटतं, आणि कापताना तुकडा राहून जातो. फुलाबरोबर फूड ग्रेड फ्लॉवर पिक द्या, म्हणजे ती पोकळ प्लॅस्टिकची नळी जी केकमध्ये बसते आणि जिच्यात देठ बसतो. तिची किंमत फुलाच्या दरातच धरा. वेगळी आकारली की लोक नको म्हणतात.

डब्यात एक चिठ्ठी असावी: कोणत्या फुलात किती तारा आहेत, पुंकेसर कशाचे आहेत, केक कापण्याआधी काय काढायचं. लग्नाच्या केकवर फुलं लावणारा बेकर वेगळा आणि कापणारा केटररचा माणूस वेगळा असतो. तुमची सूचना त्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचायला हवी. तारांची संख्या लिहिली की तो मोजून बाहेर काढू शकतो.

डब्यावरचं लेबल

लेबल आणि प्रदर्शनाचे नियम २०२० चे आहेत. नेहमीच्या फुलाच्या डब्यावर काय यायला हवं ते एका नमुन्यातूनच बघा:

साखरेची फुलं, गुलाब. केक सजावटीसाठी.
घटक: साखर, मक्याचं स्टार्च, लिक्विड ग्लुकोज, पाणी, खाद्य वनस्पती चरबी (सोयाबीन), घट्टपणा आणणारा घटक (आयएनएस ४६६). परवानगी असलेला कृत्रिम खाद्यरंग आहे (आयएनएस १२२).
यात आहे: सोया.
सूचना: आतली तार, टेप आणि पुंकेसर खाऊ नयेत. केक कापण्याआधी ६ तारा काढा.
साठवण: कोरड्या जागी, उजेडापासून दूर. फ्रिजमध्ये ठेवू नये.
निव्वळ प्रमाण: ६ नग.

त्याखाली पोषणमूल्यांचा तक्ता, हिरवा ठिपका, एफएसएसएआयचं बोधचिन्ह व १४ अंकी क्रमांक, तुमचं नाव व पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, एका नगाची किंमत, आणि तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. किंमत, नग आणि तक्रारीचा संपर्क या गोष्टी वैधमापन खात्याच्या २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांतून येतात, त्यामुळे फक्त अन्नाचे नियम वाचून लेबल केलं की त्या निसटतात.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. तयार आयसिंग शुगर वापरता तेव्हा तिच्यातलं मक्याचं स्टार्चही तुमचं असतं. लाटताना भुरभुरवलेलं वेगळंच. तयार फॉन्डंट (केकवर पसरायची साखरेची पेस्ट) मिसळत असाल तर त्याच्या पाकिटावरची यादी तुमच्या यादीत उतरते.

वर नमुना मराठीत दिला तो समजायला सोपा म्हणून. कायद्याने लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावं लागतं. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. यावर राग येणं समजू शकतो, पण डबा परत येण्यापेक्षा दोन भाषांत छापलेला बरा.

पत्त्याबद्दल बायका नेहमी विचारतात. घरचा पत्ता अनोळखी माणसांच्या हातात जाणार म्हणून धाकधूक वाटते, आणि ती रास्त आहे. पण पॅकबंद मालावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता सक्तीचा आहे. फोनसाठी वेगळा नंबर घ्या, ईमेल व्यवसायाचा ठेवा. पत्त्याला पळवाट नाही.

'वापरण्याची अंतिम तारीख' सक्तीची, 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' हे ऐच्छिक. अंडं नसलेलं, पूर्ण वाळलेलं फूल महिनोन्‌महिने टिकतं, पण रंग उडतो, चरबीला जुनाट वास येतो. प्रत्येक बॅचमधलं एक फूल तारीख लिहून बाजूला ठेवा आणि दर महिन्याला बघा, वास घ्या, मोडून बघा. त्यावरून मुदत ठरवा, दुसऱ्या कुणाच्या डब्यावरून नको. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकत असाल तर ती 'खाऊ नये' छापलेलीच हवी.

'होममेड' शब्द मोठ्या अक्षरांत छापण्याआधी थांबा. जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे नियम ग्राहकाची दिशाभूल होईल अशा 'घरगुती' दाव्यांना मनाई करतात. तुम्ही खरंच घरी, हाताने करता, तेव्हा ते दिशाभूल नाही. पण बाहेरून तयार पाकळ्या आणून जोडत असाल तर आहे. चुकीच्या लेबलसाठी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

बेकरला विकताना

तुमचा मुख्य ग्राहक बहुधा दुसरा बेकरच असेल. परवानाधारक बेकरीने माल नोंदणी किंवा परवाना असलेल्याकडूनच घ्यावा, ही तिच्या परवान्याची अट आहे. म्हणून मोठ्या बेकऱ्या आणि हॉटेलं पहिल्या फोनलाच तुमचा १४ अंकी क्रमांक मागतात. नोंदणीचा सर्वांत मोठा फायदाही हाच; तिच्याशिवाय ती दारं बंद असतात.

प्रत्येक बिलावर हा क्रमांक लिहा. फॉर्म ई नावाचं हमीपत्र आहे, ते बिलावरच छापता येतं. बरोबर घटकांचा एक कागद द्या, कारण बेकरला आपल्या केकच्या लेबलमध्ये तुमच्या फुलाचे घटक आणि ॲलर्जीचे पदार्थ धरावे लागतात. त्याने एगलेस केकवर तुमचं अल्ब्युमेनचं फूल लावलं आणि तुम्ही सांगितलंच नव्हतं, तर भांडण तुमच्या दारात येईल.

जीएसटी, दुकान कायदा, उद्यम

महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाख रुपये. पण ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी. दुसऱ्या राज्यात माल विकला तर उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन बंगळुरूला गुलाबांचा डबा कुरिअर करणं म्हणजे आंतरराज्य विक्रीच. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर राज्यातच विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीऐवजी नुसता नावनोंद क्रमांक घेऊन विकता येतं. बाहेर पाठवायचंच असेल तर आधी एखाद्या सीएला विचारा. हा खर्च वाया जात नाही.

दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. कामगार मोजकेच असतील तर नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. बँकेत चालू खातं उघडताना तिची पावती कामाला येते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची केंद्राची नोंदणी, मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. ऐच्छिक आहे, पण कर्ज किंवा सरकारी प्रदर्शनातला स्टॉल हवा असेल तर करून ठेवा.

परदेशात राहून करत असाल तर

हे सगळं तिथे लागू नाही. ब्रिटनमध्ये धंदा सुरू होण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करायची. ती मोफत असते आणि नाकारली जात नाही. ॲलर्जीचे घटक तिथे १४ आहेत. युरोपीय संघाने टायटॅनियम डायऑक्साइड (आयएनएस १७१) २०२२ मध्ये अन्नातून हद्दपार केला, आणि पांढऱ्याशुभ्र रंगाच्या बाटल्यांत तोच असतो, हे तिकडे माल पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. अमेरिकेत घरगुती खाद्यविक्रीचे नियम राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सीने तर घरी भाजलेलं विकायला ऑक्टोबर २०२१ मध्ये कुठे परवानगी दिली.

नोंदवही आणि तक्रार

एक साधी वही ठेवा. दर बॅचला एक पान: तारीख, पेस्टचे घटक आणि त्यांच्या पाकिटांचे बॅच क्रमांक, वापरलेले रंग व डस्ट, किती फुलं झाली, कुणाकुणाला गेली. बॅच क्रमांक म्हणून तारीखच उलटी लिहिली तरी चालते.

कुणाचा फोन आला की फूल खाल्ल्यावर मुलाला त्रास झाला, तर पहिलं काम वाद घालणं नव्हे. डॉक्टरकडे न्यायला सांगा आणि फुलात काय काय होतं ती यादी लगेच पाठवा. डॉक्टरला तीच हवी असते. मग वहीत बॅच शोधा, तीच पेस्ट किंवा तीच डस्ट आणखी कुणाकडे गेली ते बघा, त्यांना त्याच दिवशी फोन करून फुलं वापरू नका म्हणून सांगा. उरलेली फुलं आणि बाजूला ठेवलेला नमुना टाकून देऊ नका. पिशवीत घालून, बंद करून, तारीख लिहून ठेवा. अधिकारी आले तर तेच मागतील.